आलोइस कुबिश्ताची लाल जावा

सतराव्या वर्षी वेंडेलिन कुबिश्ताने वडिलांच्या लाल जावा मोटारसायकलचा एक बोल्ट इतक्या जोमाने आवळला, की आटेच गेले. बाप, आलोइस, ओरडला नाही. त्याने गाडी कोठारात नेली, तिच्यावर गवताच्या पेंढ्या रचल्या आणि म्हणाला, "हात तयार झाले की काढ." दहा वर्षांनी तो वारला. हात तयार झाले की नाही, हे सांगणारं कोणी उरलं नाही.

वेंडेलिनने मग त्रेश्त गावात चाळीस वर्षं बसगाड्या दुरुस्त केल्या. निवृत्तीचा केक संपला आणि त्याने पेंढ्या उपसल्या. मे महिन्यात चौकात पाद्री जुन्या मोटारसायकलींवर पवित्र पाणी शिंपडतात. तिथे जावा उभी करायची, आणि तिच्या नटानटाला फक्त आपलाच हात लागलेला असायला हवा, हे त्याने बायकोला, शेजाऱ्यांना आणि पोस्टमनने न विचारताच पोस्टमनलाही सांगितलं होतं.

नट ढिले होऊ नयेत म्हणून त्यांतून तार ओवून पीळ देतात. वेंडेलिन उजवीकडे पीळ देई. एका दुपारी कोठाराला कुलूप लावून तो सूप प्यायला गेला. परतला, तर पीळ डावीकडे होता. आलोइस डावखुरा होता.

"द्राहुश, कोठारात गेली होतीस?"

"किल्ली तुझ्या खिशात, मी तुझ्यासमोर," बायको म्हणाली. "आणि तुझे मोजे पिळते तेवढं पुरे. तारा तुझ्या तूच पीळ."

वेंडेलिनला भीतीआधी राग आला. चाळीस वर्षांत त्याच्या कामाला कोणी हात लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी जेवून येईपर्यंत नवी चेन उतरलेली. खाली वर्तमानपत्र, त्यावर सुटे भाग डावीकडून उजवीकडे, मोठ्यापासून लहानापर्यंत. वेंडेलिनने चेन नीट पाहिली. एक कडी खरंच अडकत होती.

कार्बोरेटरच्या सांध्यात त्याने आळसाने जुनंच गॅस्केट, म्हणजे कागदी चकती, लावलं होतं. ते दुपारी त्याच्या टोपीत सापडलं.

"एवढंही खपणार नाही का, बाबा?" तो रिकाम्या कोठारात म्हणाला. मग नवं गॅस्केट कापलं. सगळं पुन्हा खोललं, पुसलं, जोडलं. शेवटी तारेला पीळ दिला. उजवीकडेच.

दुपारी कुलूप लावून तो जेवायला गेला.

परतला. पीळ उजवीकडेच होता.

वेंडेलिनने पिळावरून अंगठा फिरवला आणि हत्यारं पेटीत भरली.

मे महिन्यात तिसऱ्या किकला जावा बोलली. तळ्याच्या वळणावर त्याने गाडी झुकवली, तेव्हा मागच्या सीटवरचं वजनही त्याच्याबरोबर, अगदी वेळेवर झुकलं. मुरलेला स्वारच तसा झुकतो. वेंडेलिनने वळून पाहिलं नाही. पाठ मात्र ताठ केली.

चौकात द्राहुश चालत आधीच पोचली होती. "मला मागे बसवणार होतास ना? आणि रिकामाच आलास?"

वेंडेलिन उतरला. मागची स्प्रिंग करकरत बोटभर वर आली.

द्राहुशची नजर स्प्रिंगवर गेली.

जरा थांबून, कसलीच घाई नसलेला माणूस उतरावा तशी, स्प्रिंग आणखी बोटभर वर आली.