मध्यंतरानंतरची खुर्ची

गेली एकवीस वर्षं मी थरारपटांची परीक्षणं लिहितो आहे, आणि खरं सांगायचं तर आता मला भीती अशी वाटतच नाही, नुसता कंटाळा येतो. हल्लीच्या थरारपटांत सगळं ठरलेलं असतं. पहिल्या पाच मिनिटांत प्रेत, पडदाभर निळसर अंधार, दाढी वाढवलेला दुःखी तपास अधिकारी, आणि कुठे दचकायचं ते आधीच ओरडून सांगणारं संगीत. जो सगळ्यांत गोड बोलतो तोच खुनी. मी मध्यंतरापर्यंत शेवट ओळखतो. एवढ्या वर्षांत फार तर चारदा चुकलो असेन.

म्हणूनच मध्यंतराला उठून जायची सवय लागली. थरारपटाच्या परीक्षणात शेवट सांगायचा नसतो, त्यामुळे आपण तो पाहिलेलाच नाही हे कुणाला कळत नाही. शिवाय समीक्षकांचा खेळ सकाळी अकराला, आणि बायकोची हृदयाची गोळी दुपारी एकला. आठ महिने ती अंथरुणाला खिळून आहे. गोळी चुकली तर ठोके पुन्हा बिघडतील, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलंय. घरी पोचायचं, गोळी द्यायची आणि लिहायला बसायचं. ती हौसेने सिनेमाबद्दल विचारायची, मी वेळ मारून न्यायचो. ती बोलत राहायची, मी हं हं करत राहायचो. तिच्या आजारपणाचाही मला कंटाळा आला होता. हे लिहिताना लाज वाटते, पण आला होता.

एका शुक्रवारी थिएटरचा म्हातारा डोअरकीपर मला पाहून म्हणाला, "साहेब, हल्ली अगदी शेवटपर्यंत बसता. सगळी नावं संपेपर्यंत. बरं वाटतं बघून."

मी हसलो. टक्कल आणि चष्मा एवढ्या भांडवलावर लोक कुणालाही माझ्या नावावर खपवतात, त्यात नवल काय? त्या दिवशीही मी मध्यंतरालाच निघालो.

परीक्षण छापून आलं तेव्हा त्यात एक परिच्छेद जास्तीचा होता. सिनेमाच्या उत्तरार्धाबद्दल. शांतपणे, एकही टोमणा न मारता लिहिलेला. माझ्यापेक्षा बराच चांगला. पुरवणीच्या संपादिकेला विचारलं, तर ती म्हणाली की दीड वाजता, सिनेमा सुटल्या सुटल्या, तुम्हीच तर फोनवर सांगितलात. दीड वाजता मी बायकोला उशीला टेकवून भात भरवत होतो.

आता मला बघायचंच होतं. पुढच्या शुक्रवारी मी मेहुणीला घराची जादा किल्ली दिली. एकला जा, ताईला गोळी दे आणि मी येईपर्यंत तिच्याजवळून हलू नकोस, असं दोनदा बजावलं.

मध्यंतर झालं. सगळे बाहेर पडले, मी खुर्ची धरून बसलो. दिवे मालवले. प्रत्येक वेळी दार करकरलं की मी मान वळवत होतो. माझ्या रांगेत कुणी आलं नाही. पडद्यावर गोड बोलणारा डॉक्टरच खुनी निघाला. शेवटची नावं वर सरकू लागली, आणि उगाच मेहुणीला कामाला लावलं असं वाटून मी खजील झालो.

दाराशी डोअरकीपर माझ्याकडे बघत राहिला.

"काही विसरलात का, साहेब? आज मध्यंतरालाच गेला होतात ना?"

मी तिथूनच मेहुणीला फोन लावला. गोळी दिलीस ना, एवढंच विचारलं.

"असं काय करता, भावोजी? मी किल्ली लावायच्या आत तुम्हीच दार उघडलंत. म्हणालात, मी आहे आता, तू जा."

"आणि ताई?"

"हसत होती. किती महिन्यांनी हसताना पाहिलं तिला. म्हणून मी थांबले नाही."

मी रिक्षातून उतरलो ते धावतच सुटलो. तीन जिने कसे चढलो, कळलं नाही. तिला काही झालं असेल तर, एवढंच डोक्यात होतं. किल्ली लावून दार ढकललं.

पुढच्याच खोलीत तिचा पलंग आहे. ती उशीला टेकून बसली होती. केस विंचरलेले, चेहरा टवटवीत. गोळ्यांच्या डबीत आजच्या दिवसाच्या कप्प्यातली गोळी नव्हती. पलंगाशी स्टूल ओढलेलं होतं. तसं मी कधी ओढून बसलो नव्हतो.

माझा जीव भांड्यात पडला. मी तिचं नाव घेतलं.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि पदर सारखा केला. परक्या माणसासमोर करतात तसा.

मग स्वयंपाकघराकडे वळून तिने हाक मारली.

"अहो, बघा जरा. दारात कोण आलंय."

आतला नळ बंद झाला. कुणीतरी हात पुसत होतं, अजिबात घाई न करता.