चाळीसवी ओळ

पांढरतुकूमच्या मच्छीमार सोसायटीत अंगठा चालत नाही, हे तालुक्यातल्या सगळ्या बाबूंना ठाऊक होतं. ते लटारूभाऊ मारबत्यांनीच ठाऊक करून दिलं होतं. साक्षरतेचा वर्ग गावात आला तेव्हा भाऊ बावन्न वर्षांचे होते. दिवसभर डोंगा वल्हवलेल्या हातात पाटीवरची पेन्सिल दोनदा मोडली, तिसऱ्यांदा टिकली. चार महिन्यांनी त्यांनी रस्त्यावर येणाऱ्या एसटीच्या कपाळावरचं 'चिमूर' वाचलं आणि हात दाखवून गाडी थांबवली.

"चिमूरले जाऊन राह्यले का?" कंडक्टरनं विचारलं.

"नाई. वाचता आलं, म्हून थांबवली."

पुढं त्यांनी तलावाच्या पाळीवर, बांधाच्या ओल्या चिखलात काडीनं एकेका सभासदाला सही शिकवली. भाऊंचा स्वतःचा 'झ' मात्र शेवटी गळासारखा आत वळायचा. वर्गातल्या मास्तरांनी तो दोनदा खोडला आणि मग सोडून दिला. वारलू झाडे भाऊंच्या हाताखाली शिकला, म्हणून त्याचाही 'झ' तसाच. बाकी त्या मुलखात तसा 'झ' कुणी काढत नसे.

अंगठ्याचा एवढा राग यायला कारण होतं. तीस वर्षांपूर्वी झिंगू शेंडे सोसायटीचा मुख्य होता. भाऊंचा साळा, बायकोचा भाऊ, आणि एका डोंग्यातला जोडीदार. ठेकेदाराच्या माणसानं एक कागद पुढं केला, "तलाव तुमच्याच नावावर राह्यते" म्हणाला, आणि झिंगूनं डावा अंगठा उठवला. कागदात उलटंच लिहिलं होतं. सहा वर्षं तलाव गेला. त्याच पावसाळ्यात झिंगू एकटा डोंगा घेऊन निघाला. डोंगा परत आला, झिंगू आला नाही. गळ टाकले, जाळी ओढली, देह मिळाला नाही.

तेव्हापासून मासळीचे वाटे पडले की एक वाटा जास्तीचा पडे. तो पाण्याच्या काठाला गवतावर ठेवायचा आणि मागं न बघता घरी यायचं. त्याला तलावाचा वाटा म्हणत. पुढं भाऊ सभासदांचं रजिस्टर स्वतःच्या हातानं लिहू लागले, तेव्हा प्रत्येक पानाची शेवटची ओळ तशीच कोरी सोडू लागले. कुणी कारण विचारलं नाही. भाऊंनी सांगितलंही नाही.

दोन हजार सहा साली सोसायटीत कॉम्प्युटर आला. चंद्रपूरच्या एका कॉलेजनं टाकून दिलेला तो डबा भाऊंचा भाचा धनराज मोटारसायकलवर बांधून घेऊन आला. तो तिथं कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा. त्यानं त्यात लिनक्स टाकलं. मराठी दिसतं आणि फुकट मिळतं, एवढं भाऊंना पुरलं. सोबत टरटर वाजणारा, सुयांनी छापणारा जुना प्रिंटर होता. सोसायटीचं नाव पडद्यावर मराठीत उमटलं तेव्हा भाऊंनी बायकोला, वच्छलाबाईंना, घरून बोलावून आणलं.

"वाच."

"पां-ढर-तु-कूम," बाईंनी बोट ठेवत वाचलं. सहीपुरतं शिकून त्या थांबल्या नव्हत्या. "हे आतून उजेड देते काय वो?"

"आपलं नाव हाय ना, म्हून देते," भाऊ म्हणाले.

त्या वर्षी तलावाचा करार नवा करायचा होता. नोटिशीत स्पष्ट होतं: सहीनिशी चाळीस सभासदांची यादी शुक्रवारी दुपारपर्यंत द्यावी. एक जरी कमी भरला, तरी तलाव खुल्या लिलावात जाईल. लिलावाला कोण टपून बसलं आहे, ते गावाला माहीत होतं. आणि नेमका त्याच महिन्यात पोचू नान्हे सासुरवाडीला, सिरोंच्याला, गोदावरीवर मासळी मारायला कायमचा निघून गेला होता. राहिले एकोणचाळीस.

गुरुवारी सकाळी वीज होती तेवढ्यात धनराजनं यादी टाईप केली. मग खुर्ची मागं सरकवून तो म्हणाला, "मामा, तालुक्याच्या मूळ रजिस्टरात झिंगूमामाचं नाव अजून हाय. कोणी कमी केलंच नाई. मयताची नोंदच नाई ना. टाकू काय चाळीसवं?"

"आन् सही?"

"करू कोणीतरी."

दाराशी वच्छलाबाई सूप घेऊन उभ्या होत्या. त्यांच्याकडं भाऊंनी बघितलं नाही.

"खोटं नाव लिहायले मी अक्षरं नाई शिकलो, धनराज. एकोणचाळीस हाय, एकोणचाळीस नेऊ. पाय धरू, भांडू. छाप."

प्रिंटर टरटरला. कागद बाहेर आला तो बिघडलेला. उजवीकडं सहीच्या रकान्याची रेघ कापली गेली होती, तांदळाच्या दाण्याएवढी. आणि खाली, नेहमीच्या समासाखाली, आणखी एक कोरी पट्टी राहिली होती. भाऊंनी सवयीनं तिच्यावर बोट आडवं ठेवलं. जाळ्याचं घर ते बोटानंच मोजत. बरोबर बोटभर.

धनराज हसला. "आपलीच चूक. लिनक्स टाकताना देश विचारते, भाषा विचारते. मी घाईत तसंच पुढं गेलो. त्याले वाटते आपण अमेरिकेत हाओत."

"तर मग?"

"तिकडचा कागद वेगळा. आपल्यापरीस रुंद आन् आखूड. हा त्या मापानं छापून राह्यला. म्हून बाजूनं कापते आन् खाली जागा सोडते."

"खालची जागा राहू दे," भाऊ म्हणाले.

"काऊन?"

"राहू दे म्हटलं."

"मामा, तसं अर्धं नाई होत. रेघ पायजे तर माप बदलावं लागते. माप बदललं का जागा जाते."

सह्यांचा रकाना तर हवाच होता. धनराजनं भाषा मराठी केली, प्रदेश भारत केला, कागद ए-फोर केला, आणि मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. दुसरी प्रत निघाली. उजवीकडची रेघ पूर्ण आली. नावं खालपर्यंत पसरली.

खाली बोटभर पट्टी तशीच होती.

धनराजनं कागद उजेडात धरला, फूटपट्टी लावली, माप पुन्हा तपासलं. माप बरोबर होतं. तिसरी प्रत काढली. या वेळी दोघंही प्रिंटरकडं बघत होते. एकोणचाळिसावी ओळ छापून झाली, सुया थांबल्या. मग प्रिंटरचं छापणारं डोकं डावीकडं गेलं आणि कागदावरून एकदा उजवीकडं सरकलं. आवाज न करता. शाई न लावता. एका ओळीला लागतो तेवढाच वेळ घेऊन.

"जुना हाय," धनराज म्हणाला. जरा घाईनं.

भाऊंनी कागद हातात घेतला. पट्टी थंड लागली. वरचा कागद कोरडा, कडक होता. खालचा बोटभर भाग ओल्या धोतरासारखा नरम. वीज गेली आणि पडदा काळा झाला.

दुपारी पाळीवर मोहाच्या झाडाखाली सगळे जमले. एकोणचाळीस सह्या झाल्या. वारलू झाड्यानं गळाचा 'झ' काढला तेव्हा कोलू नान्हे म्हणाला, "एवढा मोठा आकडा काऊन? मासा लागला काय त्याले?" सगळे हसले. तळहात धोतराला पुसून पुसून एकेक जण वाकत होता, आणि सही झाली की क्षणभर कागदाकडं बघत राहत होता. शेवटची सही भाऊंची. त्यांनी वरून खाली दोनदा मोजलं. खाली बोटभर जागा कोरी होती. त्यांनी यादी प्लॅस्टिकच्या फाईलीत घातली आणि रात्री फाईल उशाखाली घेतली.

शुक्रवारी पहिल्या एसटीनं ते तालुक्याला गेले. सागाचं जंगल मागं पडेपर्यंत मांडीवरची फाईल त्यांनी सोडली नाही. काय बोलायचं ते मनात पाठ करत होते: साहेब, एक कमी हाय, पण एकही अंगठा नाई.

ऑफिसात बाबू चहा पीत होता. "या लटारूभाऊ. सह्या आणल्या ना सगळ्यांच्या? तुमच्याकडं तर अंगठा चालत नाही म्हणतात."

"नाई चालत," भाऊ म्हणाले. मान आपोआप ताठ झाली. "पण साहेब, एक..."

बाबूनं यादी बाहेर काढली होती. पेन्सिलीचं टोक एकेका नावावरून खाली सरकत होतं. ओठ हलत होते.

"चाळीस," तो म्हणाला. "बरोबर."

भाऊ टेबलाजवळ सरकले.

"पण हे काय? सगळ्यांच्या सह्या, आणि शेवटी अंगठा?"

बाबूनं कागद त्यांच्याकडं फिरवला.

खालच्या पट्टीत, बाकीच्यांच्याच अक्षरात, छापलेलं होतं: ४०. झिंगू शेंडे. समोर अंगठा. शाई नव्हती. काळसर, गाळासारखं काहीतरी. अंगठ्याच्या रेघांमधून एक तिरकी चीर गेली होती.

भाऊंना ती चीर माहीत होती. मांगूर माशाच्या काट्यानं झालेली. त्यांनी स्वतः त्यावर हळद दाबली होती, डोंग्यात बसून.

बाबू उठला. कपाटातून जुनं रजिस्टर काढलं, धूळ झटकली, पान शोधलं. "शेंडे झिंगू... आहे. नाव कमी केलेलं नाही. कोण हे?"

"माहा साळा."

"असतात कुठे?"

खिडकीबाहेर सायकलची घंटी वाजली. खोटं बोलायला भाऊ अक्षरं शिकले नव्हते.

"तलावात," ते म्हणाले.

बाबू हसला. "तुम्हा लोकांचं घरच ते." त्यानं शिक्का मारला. मग टेबलावरून हात उचलला, बोटं बघितली आणि रुमालाला पुसली. "ओला कागद आणला की हो. बरं, करार तुमचा. पण पुढच्या वेळी यांनाही सही शिकवा. तुमची शान जाते अशानं."

भाऊंनी पोचपावती घेतली, दोनदा वाचली, खिशात ठेवली.

गावात ढोल वाजला. धनराजनं मशीनमधली यादी उघडून दाखवली, तिच्यात एकोणचाळीस नावं होती. त्यानं पुन्हा पुन्हा मोजली. भाऊंनी मोजली नाहीत. वच्छलाबाईंना त्यांनी सगळं सांगितलं. बाई ऐकत राहिल्या, मग आत गेल्या आणि फळीवरून भाऊंची जुनी पाटी काढून पदरानं पुसून घेऊन आल्या.

"त्या बाबूनं सांगतलं ना, शिकवा म्हून," त्या म्हणाल्या. "मंग?"

दिवस मावळायच्या आधी भाऊ पाळीवर गेले. पाटीच्या वरच्या अंगाला त्यांनी एक 'झ' काढला, सावकाश, गळासारखा आत वळवून. तलावाच्या वाट्याशेजारी पाटी ठेवली, वर पेन्सिलीचा तुकडा ठेवला आणि मागं न बघता घरी आले.

सकाळी उन्हं पाण्यावर आली तेव्हा भाऊ आणि वच्छलाबाई तिथं गेले. वाटा नव्हता. पेन्सिल मोडून तिचे दोन तुकडे झाले होते.

त्यांच्या 'झ'खाली दुसरा 'झ' होता. वाकडा, दाबून काढलेला, गळासकट. रेघांतून अजून पाणी ओघळत होतं.

भाऊ पाटीशी गुडघ्यावर बसले.

"पह्यल्या दिवशी," ते म्हणाले, "माहा बी इतका चांगला नव्हता आला."

आणि खिशातून त्यांनी नवी पेन्सिल काढली.