अकरा वेळा ‘नाही’

शिंप्याचे दुकान समजून तिने जे दार ठोठावले, ते ध्वनिमुद्रणाच्या खोलीचे निघाले, आणि आतल्या ध्वनिमुद्रकाने वाट सांगण्याऐवजी, “एक पान वाचून दाखवाल?” असे विचारले. नकार देणे तिच्या स्वभावातच नव्हते. त्या एका पानाची पाहता पाहता अख्खी कादंबरी झाली. रोज दुपारी ती काचेच्या आत बसून वाचत असे, बाहेर तो हेडफोन लावून ऐकत असे. आणि अधूनमधून नजरानजर होई — अर्थात, निव्वळ कामापुरती.

आज शेवटचे प्रकरण होते. जन्मभर सर्वांच्या होला हो मिळवून दमलेली नायिका भरल्या घरात प्रथमच म्हणते, “नाही. मी येणार नाही.”

“आवाज पडतोय,” तो म्हणाला. “पुन्हा.”

अकराव्यांदाही त्याचे समाधान झाले नाही.

“पडणारच,” पुस्तक मिटत ती म्हणाली. “हिला जमलं ते मला कुठं जमतंय? सोमवारपासून दादाच्या ऑफिसात बसायचं ठरलंय. म्हणजे हे वाचन बंद.”

“तुम्हाला बसायचंय?”

“मला कुणी विचारलंच नाही… मी स्वतःलाही नाही.”

तिने पुस्तक बाजूला सारले. मग तिथूनच तिने फोन लावला.

“दादा, मी सोमवारी येणार नाही… बरी आहे रे… तुझ्यावर कशाला रागावू? मला पुस्तकंच वाचायचीत… टेबल घेतलंस? मग त्यावर वहिनीला बसव, तुझ्यापेक्षा हुशार आहे ती… आईला मी सांगते.”

फोन ठेवला तेव्हा ती हसत होती.

“एक कबूल करतो,” काचेबाहेरून तो म्हणाला. “तिसऱ्या वेळीच उत्तम आलं होतं.”

“मग पुढच्या आठ वेळा?”

“प्रकरण संपू नये म्हणून.”

“भलतेच लबाड आहात.”

“आहे. पण आता काही विचारायची भीती वाटते; तुम्ही नुकतंच नाही म्हणायला शिकलात.”

“विचारून तर पाहा.”

“उद्या… वाचायला काही नसताना याल? नुसत्या — मला भेटायला?”

आजवर तिचा होकार प्रश्न संपण्याआधीच तयार असे. आज प्रथमच तो तिने स्वतःला विचारून घेतला. तोवर बिचाऱ्याचा चेहरा पार उतरला होता. ती उठली, जड दार ढकलून बाहेर आली, त्याच्या कानांवरचे हेडफोन अलगद काढले आणि म्हणाली,

“येईन.”