तेरा थरांची थप्पी

"आत यायचं नाही, पोरांनो!" गोदामाच्या दारातच चौकीदार ओरडला.

"मामाचा डबा न्यायचाय," ताई म्हणाली. तिच्यामागून मामाचा मुलगा ढब्बू डोकावला.

ताई सुट्टीत मजा करायला मामाकडे आली, आणि आल्या आल्याच सिमेंटच्या पोत्यांची थप्पी मामाच्या अंगावर कोसळली. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. "माझंच काहीतरी चुकलं असेल गं," एवढंच तो इस्पितळात पुटपुटत होता. उशाशी मामी देवाला हात जोडून बसली होती.

चौकीदार बाजूला झाला.

आत गोदामाचे साहेब अपघाताच्या चौकशीला आलेल्या सरकारी तपासणीसांना सांगत होते, "दहा थरांच्या वर थप्पी नाही, हा आमचा नियम! पडली तीही दहाचीच. त्यानेच वर चढून धसमुसळेपणा केला."

"पोती किती होती?"

"दोनशे एकवीस! मी स्वतः मोजून घेतली. भिंतीलगत एकेरी थप्पी, प्रत्येक थर सारखा. अर्धवट थर आम्ही ठेवतच नाही, उरलेली पोती दुसरीकडे हलवतो."

ताईचे ओठ हलू लागले.

"जप करतेस काय?" ढब्बूने चिमटा काढला.

"गप रे! दहाने भागलं तर एक उरतं..." ती पुढे झाली. "काका, दहा थर होऊच शकत नाहीत!"

"ही कोण आगाऊ?" साहेब कडाडले. "बरं, नऊ असतील!"

"नवाने पाच उरतात. आठानेही पाच! दोनपासून दहापर्यंत कशानेच भाग जात नाही. जोड्या दोनच. एक गुणिले दोनशे एकवीस, नाहीतर तेरा गुणिले सतरा!"

"एकच थर असेल की," ढब्बू खवचटपणे म्हणाला, "पार चौकापर्यंत रांग!"

कुणी हसलं नाही. धुतलेल्या फरशीवर अजून तांबूस डाग होता.

तपासणीस भिंतीपाशी वाकले. खालच्या पोत्यांचे ठसे धुळीत स्पष्ट उमटले होते. ढब्बूने मोजले. "सतरा!"

"म्हणजे उंची तेरा थर," ताई हळूच म्हणाली.

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. "जागा अपुरी होती हो..."

"आणि माणसं जास्त होती म्हणून चिरडायची?" तपासणीसांचा आवाज चढला. "बाकीच्या थप्प्या आत्ताच्या आत्ता उतरवा!"

संध्याकाळी तपासणीस स्वतः इस्पितळात आले. "तुमची चूक नव्हती," ते मामाला म्हणाले. "पोरीने हिशेबाने सिद्ध केलं. भलती हुशार आहे!"

मामाने ढब्बूशेजारी उभ्या ताईकडे पाहिलं. "किती थर होते गं?"

"तेरा."

"मी ओरडलो होतो, 'उंच होतंय, थांबा!' पण सगळे म्हणाले, तू असं काही बोललाच नाहीस. मलाही तेच खरं वाटायला लागलं होतं." चादरीच्या सपाट भागावरून त्याने हात फिरवला. "शाबास, पोरांनो."

मग तो भिंतीकडे तोंड वळवून, अपघातानंतर पहिल्यांदाच, मोठ्याने रडला.