मधली जागा

पटलं तर ऐका, नाही तर सोडून द्या. पण हसू नका.

कारण ज्याच्यावर हे बेतलं, तो बजरंग आजही जामखेडच्या आठवडे बाजाराला येतो. कुणी विचारलंच तर मान खाली घालून एवढंच म्हणतो, "व्हय. झालं तसं."

गोष्ट गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यातली. वैशाख उतरणीला लागला होता. जामखेडच्या पलीकडे, खर्ड्याच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी बजरंगचं गाव आहे. गावाचा ओढा खाली जाऊन विंचरणा नदीला मिळतो. पडलेला पाऊस ओढ्यातून पळून जातो, आणि दसरा झाला की गावही त्याच्या मागोमाग पळतं. कोयते घेऊन, कोपरगावकडे, ऊसतोडीला.

ते पाणी अडवायला गावातली माणसं श्रमदानानं दगडी बांध घालत होती. आदल्या उन्हाळ्यात सुरुवात केली होती बजरंगच्या एकुलत्या एक लेकीनं, ज्ञानेश्वरीनं. सगळे तिला ज्ञानी म्हणायचे. पोर भारी हट्टी.

"आई, हा बांध हुंदे," ती केशरबाईला म्हणायची, "मग तुजा कोयता म्याच आढ्याला टांगते बघ. कायमचा."

बांध अर्धा राहिला आणि हंगाम आला. तिघंही तोडीला गेली. एका सकाळी उसाची ट्रॉली उलटली...

खाली ज्ञानी होती.

पुढच्या उन्हाळ्यात काम पुन्हा सुरू झालं, तेव्हा केशरबाई सगळ्यांच्या आधी ओढ्यात येऊन उभी राहिली.

उजाडता उजाडता माणसांची रांग लागायची. दगडांनी भरलेलं घमेलं हातातून हातात बांधापर्यंत जायचं. या कामाची एक रीत आहे. घमेल्याकडे बघायचं नाही, बघितलं की वेग तुटतो. नजर समोर, हात बाजूला. ज्ञानीनं त्यात आपली भर घातली होती. घमेलं पुढं देताना मनगटातलं कडं ती त्याच्या काठावर दोनदा वाजवायची. टक टक. म्हणजे पुढच्यानं ओळखायचं, आलं.

बजरंग, मग ज्ञानी, मग केशरबाई, असा त्यांचा क्रम. आता दोघं आपापल्या जागी उभे राहिले. मधल्या जागेत कुणी आलं नाही. यायचं नाही असं कुणी सांगितलंही नव्हतं. बजरंग दर वेळी एक पाऊल टाकून घमेलं बायकोच्या हातात द्यायचा.

एका सकाळी तो आपल्याच तंद्रीत होता. लेकच डोळ्यांपुढं होती. पाऊल टाकायचं राहून गेलं. हात तेवढा लांब झाला.

आणि हातातलं वजन गेलं...

टक टक.

बजरंगनं वळून पाहिलं. घमेलं केशरबाईच्या हातात होतं. दोघांच्या मध्ये कुणी नव्हतं.

केशरबाई समोरच बघत होती. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण ओठांवर हसू होतं. लेक गेल्यापासून पहिल्यांदाच.

त्या दिवसापासून बजरंगनं पाऊल टाकलं नाही. घमेली जात राहिली. टक टक... टक टक... बाकीच्यांना ऐकू येत असेलही.

बांध पुरा होत आला, आणि तेव्हाच तो ढासळायला लागला.

संध्याकाळी रचलेले वरचे दगड सकाळी खाली पडलेले असायचे. कामाचा म्होरक्या अंगद. त्याचा आवाज असा की गावाला भोंगा नको. तो कडाडला, "पाऊस तोंडावर आलाय, आन् हे उद्योग कोन करतंय?"

माणसं कुजबुजायला लागली. ज्ञानीचा जीव अडकलाय म्हणे... तीच बांध होऊ देत नाही.

बजरंगला ते सहन झालं नाही. दिवस मावळताना तो ओढ्याकाठच्या करंजाआड जाऊन बसला.

थोड्या वेळानं दगडाचा आवाज आला.

मग आणखी एक...

बांधावर केशरबाई होती. पदर खोचून दगड उपसत होती आणि हुंदके देत होती.

"आगं, काय करतीयास?"

"काम सपलं की रांग मोडंल," ती म्हणाली. "रांग मोडली तर माझं लेकरू कुठं हुबं राहील हो?"

बजरंगला रडू फुटलं. ज्या बांधासाठी पोरीनं घाम गाळला, तो तिची आई पाडत होती. तिला अडवावं, हे त्याला कळत होतं.

त्यानं अडवलं नाही. तो वाकला, आणि एक दगड त्यानंही काढला.

अंधार पडेपर्यंत दोघं आईबाप दगड काढत होते.

सकाळी ते रांगेत आले, तर सगळे बांधाकडे बघत उभे होते.

बांध पुन्हा रचलेला होता. वरचे सगळे दगड जागेवर. सांध्या-सांध्यात दगडाच्या बारीक चिपा आतल्या बाजूनं ठोकलेल्या. तशा चिपा गावात एकच पोर बसवायची...

केशरबाईनं एका चिपेवरून हात फिरवला. "तिला सपवायचंय वो," एवढंच ती पुटपुटली.

एक घमेलं तेवढं बाकी होतं. रांग लागली. बजरंगनं नजर समोर ठेवून हात बाजूला केला.

वजन गेलं नाही.

तो थांबला. हात भरून आले. पलीकडे केशरबाई रिकामे हात पसरून उभी होती.

टक टक वाजलं नाही.

शेवटी घमेलं त्याच्या हातातून सुटलं. दगड पायाशी विखुरले. केशरबाईचे हात तसेच पसरलेले राहिले. बजरंगनं दगड गोळा केले आणि मधल्या जागेत पाऊल टाकलं. घमेलं तिच्या हातात दिलं, तेव्हा तिनं जो हंबरडा फोडला, तो म्हणे पार वस्तीपर्यंत ऐकू गेला.

मृगात पाऊस झाला. ओढा अडला. गाव पाणी बघायला लोटलं. दोघं बघून घरी आले, तर कोपऱ्यात पडलेला केशरबाईचा कोयता तिथं नव्हता.

आढ्याला टांगलेला होता...

"तू टांगलास?"

"माझा हात तरी पुरंल का? तुमी न्हाई?"

"म्या न्हाई."

घराला बाहेरून कुलूप होतं आणि किल्ली बजरंगच्या खिशात होती.

त्या कोयत्याला अजून कुणी हात लावलेला नाही. त्यानंतर ती दोघं तोडीला गेली नाहीत. पण एक सवय राहिली आहे. बजरंग पाण्याचा तांब्या बायकोपुढं धरतो, तेव्हा ती लगेच घेत नाही. तोही लगेच पुढं होत नाही. मध्ये एका माणसाची जागा सोडून दोघं थोडा वेळ तसेच थांबतात.

तांब्याचं वजन काही कमी होत नाही.