निळ्या बाटलीचं बूच

तुम्हाला पटणार नाही, हे मला माहीत आहे. माझ्या बायकोलाही पटलं नाही.

पण हे माझ्या सख्ख्या आत्याच्या घरात घडलं. तिने मला सांगितलं तेव्हा आतोबा समोरच बसले होते. त्यांनी एका शब्दालाही 'असं नव्हतं' म्हटलं नाही.

रात्रबित्र काही नव्हती. भर दुपार. रविवार, एक वाजून दहा मिनिटं. दुसऱ्या मजल्यावरचं स्वयंपाकघर, आणि खिडकीत मांडलेल्या एक्केचाळीस बाटल्या.

आत्या शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. तीस वर्षं काचेची भांडी धुतली, पुसली, आणि निवृत्त झाल्यावर जुन्या बाटल्या जमवायला लागली. औषधाच्या, शाईच्या, अत्तराच्या. त्यांच्यासाठी खिडकीत फळ्या ठोकून घेतल्या. ऊन आलं की फरशीवर हिरवे, तपकिरी डाग पडायचे, आणि आत्या चहा घेत ते बघत बसायची.

आतोबा घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांना या पसाऱ्याचा भारी वैताग.

"घरात रिकामा मी एकटा कमी होतो, म्हणून एवढ्या आणल्यास का गं?"

पण ते बोलण्यापुरतंच. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिच्या एकाही वस्तूला धक्का लावला नव्हता.

मग ती निळी बाटली आली…

जुन्या बाजारातल्या काचवाल्याकडे मिळाली. सहा बाजूंची, गर्द निळी, तीन बाजूंना उभे कंगोरे. आत्याने बोट फिरवलं आणि लगेच ओळखलं. पूर्वी विषाची बाटली अशी करायचे. अंधारातही हाताला कळावं, चुकून कुणी तोंडाला लावू नये म्हणून.

"कुठून आणलीस रे?"

"एका घराचं सगळं सामान उचललं, बाई. नवरा-बायको दोघंच राहायचे. पण गंमत बघा. शेगड्या दोन, पाण्याची पिंपं दोन, पिठामिठाच्या डब्यांनाही वेगवेगळी कुलपं."

"भांडकुदळ असतील," आत्या हसली.

बुचावर लाख लावलेली होती. मूळची लाख फोडायची नसते, हे आत्याला चांगलं ठाऊक होतं. पण आत धुरकट थर होता आणि त्यातून ऊन येईना. शेवटी तिने सुरीने लाख खरवडली आणि बूच ओढलं.

पक्…

आत काहीच नव्हतं. साधा वाससुद्धा नाही.

तिने साबणाच्या पाण्यात मूठभर तांदूळ घालून बाटली खळखळून धुतली, दोन दिवस उपडी ठेवून वाळवली, बूच लावून मधल्या फळीवर ठेवली. फरशीवर निळा डाग पडला. आतोबांनीसुद्धा मान डोलावली.

बुधवारी आत्या ताटं वाढून गॅलरीतले कपडे काढायला गेली. मागून आवाज आला.

पक्…

ती आत आली. निळी बाटली तिच्या ताटाशेजारी होती. बूच बाजूला.

आतोबा नळावर हात धूत होते.

"तुम्ही काढलीत?"

"मी कशाला हात लावू तुझ्या बाटल्यांना?"

आत्याने बाटली जागेवर ठेवली. जेवली. पण खरं सांगायचं तर पहिला घास तिने जरा जिभेवर घोळवून गिळला.

गुरुवारी बाटली आतोबांच्या ताटाशेजारी होती.

"ही काय थट्टा लावलीयस?" त्यांचा आवाज चढला.

"मी इथे भाजी वाढतेय. मला चार हात आहेत का?"

शुक्रवारी आतोबा म्हणाले, भूक नाही. संध्याकाळी आत्याला त्यांच्या खिशात बिस्किटाचा पुडा सापडला. शनिवारी आत्याने त्यांनी केलेला चहा मोरीत ओतला, आणि वळून बघते तर आतोबा दारात उभे.

ती मला म्हणाली, "मला बाटलीची भीती वाटत नव्हती रे. मला यांची वाटायला लागली होती. आणि त्याची लाज वाटत होती."

शेवटी तिच्यातली प्रयोगशाळेची बाई जागी झाली. एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा. रविवारी तिने बुचावरून कागदाची पट्टी चिकटवली. पट्टीवर दोघांनी सह्या केल्या. बाटली फळीवर ठेवली, ताटं वाढली, आणि दोघं बाहेरच्या खोलीत समोरासमोर बसले. हात गुडघ्यांवर, दिसतील असे.

एक वाजला… एक-पाच…

एक-दहाला भिंतीवरचं घड्याळ टिकटिकायचं थांबलं. आतोबांनी स्वतः दुरुस्त केलेलं घड्याळ.

आणि आतून आवाज आला.

पक्…

दोघंही जागचे हलले नव्हते.

आत्याला आधी काय वाटलं असेल? सुटकेचं रडू आलं तिला. हे नव्हते! आतोबांनीही तिचा हात घट्ट धरला. "बघ, मी नव्हतो."

"मीही नव्हते हो."

तसेच हात धरून दोघं आत गेले.

बाटली दोन ताटांच्या बरोबर मध्ये होती. कागदाची पट्टी बाटलीच्या गळ्याशी अखंड, दोन्ही सह्या जागच्या जागी. पण बूच बाजूला पडलेलं. आणि कोरडी ठणठणीत असायला हवी ती बाटली तळाशी ओली होती… आत्ताच कुणी ओतून रिकामी करावी, तशी.

कुठल्या ताटात?

दोघं ताटांकडे बघत राहिले. आतोबांनी तिचा हात सोडला.

मग बेचाळीस वर्षांत कधी म्हणाले नव्हते, ते म्हणाले.

"तू आधी खा."

अन्न फेकलं. बाटली गोणपाटात गुंडाळून फोडली, तुकडे काचवाल्याला परत नेऊन दिले. आता त्या घरात तो आवाज येत नाही.

मागच्या महिन्यात मी गेलो होतो. फळ्या रिकाम्या होत्या. एकही बाटली ठेवली नाही आत्याने. पण ओट्यावर शेगड्या दोन होत्या. पिंपं दोन. डब्यांना छोटी-छोटी कुलपं.

"तुम्ही दोघंही नव्हतात, हे तुम्हाला माहीत आहे ना?" मी न राहवून विचारलं.

"माहीत आहे," आत्या म्हणाली. आतोबांनीही मान हलवली.

मग आत्याने तिच्या शेगडीवर माझ्यासाठी चहा केला. आतोबांनी त्यांच्या शेगडीवर केला. दोन कप माझ्यासमोर आले. मी कुठला उचलतो, हे दोघं टक लावून बघत होते…

त्याच वेळी रिकाम्या खिडकीतून ऊन आत आलं. फरशीवर निळा डाग पडला.

मी दोन्ही कप तसेच ठेवून उठलो.

घरी आलो. बायकोने नेहमीसारखा चहा पुढे केला. मी कप हातात घेतला, बराच वेळ बघितला, आणि तिच्याकडे सरकवला.

"तू घे आधी."

ती हसली. मला हसता आलं नाही.