एकोणिसावा संदर्भ

संगणकवाल्यांना गोष्टींचा भारी सोस. शोधनिबंध असतो रुक्ष, आकड्यांनी ठासून भरलेला, आणि माथ्यावर मात्र बालकथेतली एखादी ओळ डकवलेली. कुठं लबाड कोल्हा, तर कुठं जंगलात हरवलेली राजकन्या! वाचणाऱ्याला जरा हायसं वाटतं, दुसरं काय.

योगिनीनंही तेच केलं. नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ती शिकवायची आणि पीएच.डी.ही करत होती. संगणकानं वाट कशी शोधावी, हा तिचा विषय. एका वाटेनं जायचं, ती बंद निघाली की शेवटच्या फाट्यावर परत यायचं आणि दुसरी धरायची. ही रीत तिला कुणा प्रोफेसरानं नव्हे, कुसाआत्यानं शिकवली होती. आत्या म्हणजे दिंडोरीच्या शाळेतली रिटायर मास्तरीण. आई गेल्यावर योगिनीला तिनंच वाढवलं, आणि रोज निजताना एकच गोष्ट सांगितली. त्या गोष्टीतली हौशी नावाची पोर हरवलेलं वासरू शोधायला डोंगरात जायची. प्रत्येक फाट्यावर झुडपाला सुतळीची गाठ मारायची. वाट चुकली की गाठीपाशी परत.

ही गोष्ट आत्यानं एका वहीत लिहून ठेवली होती. चोवीस पानं, सहा वाटा. सातवी लिहिलीच नव्हती. योगिनीनं पहिल्या शोधनिबंधात एकोणिसावा संदर्भ म्हणून ती दिली, ती पण छापील पुस्तकाच्या थाटात: ‘हौशीच्या सात वाटा, दिंडोरी, पृष्ठे १ ते २४’. लबाडीच म्हणा. पण आत्याचं नाव छापून आलेलं बघायचं होतं ना! आणि तपासतंय कोण?

दोन वर्षांनी तिचे गाइड सोमनाथ सर हसत हसत म्हणाले, “अभिनंदन! तुझ्या आत्याचा संदर्भ तिघांनी दिलाय.”

“पण सर, ते पुस्तक कुणी पाहिलेलंच नाही.”

“मग? मूळ पुस्तक उघडतं कोण आपल्यात? एकानं संदर्भ दिला की दहा जण उतरवून घेतात. मीही उतरवलेत.”

योगिनीनं चहा घेत ते तिन्ही निबंध चाळले. पहिल्यात पान दिलं होतं एकतीस. दुसऱ्यात पस्तीस. अहो, वहीच मुळी चोवीस पानांची! तिसऱ्यात पान अडतीस, आणि सोबत इंग्रजीत एक वाक्यही होतं. त्याचा अर्थ असा, की सातव्या वाटेवर हौशीची सुतळी संपली, म्हणून ती परकराची किनार फाडून गाठी मारू लागली.

तिनं तिघांनाही मेल टाकले. कोइमतूरच्या बाईंनी लिहिलं, मी फिनलंडच्या निबंधातून घेतला. फिनलंडच्या गृहस्थांनी चिलीकडं बोट दाखवलं. चिलीच्या विद्यार्थ्यानं प्रांजळपणे कबूल केलं: मॅडम, तुमच्याच निबंधातून उतरवला, पान एकतीस तिथंच होतं. योगिनीनं आपला निबंध चारदा उघडून पाहिला. एक ते चोवीस.

रविवारी ती दिंडोरीला गेली. आत्या घरात एकटीच राहायची. ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. पलीकडच्या द्राक्षबागेत फवारणीचा ट्रॅक्टर घरघरत होता आणि औषधाचा उग्र वास अंगणभर पसरला होता. योगिनीनं ते वाक्य वाचून दाखवलं.

“किनार कसल्या रंगाची, ते नाय लिहिलं?”

“नाही गं.”

“हिरवी व्हती,” आत्या म्हणाली.

तिनं हातातली शेंग न फोडताच सुपात टाकली.

“हौशी माझी धाकटी बहीण. नऊ वर्साची. वासरू माझ्या हातून सुटलं, पन मला आला कंटाळा, म्हनून मी तिला धाडलं. सहा फाट्यांवर गाठी घावल्या. सातव्यावर काय बी नाय. आन ते वासरू मातर दिवेलागणीला आपल्या पायानं घरी आलं.” तिनं पदरानं नाक पुसलं. “गोष्ट पुरी करायला हातच धजला नाय बघ. योगे, चालतीय ना ती अजून? यील ना घरी?”

साठ वर्षं झाली होती. संगणक शिकवणाऱ्या बाईनं ‘असं काही नसतं’ म्हणायला हवं होतं. ती म्हणाली, “चालतीय, आत्या.”

आणि चालतच होती की! पुढच्या एका निबंधात, पान एक्केचाळीसवर, हौशीनं ओढा ओलांडला. सव्वीस जणांच्या एका जाडजूड निबंधात, पान चव्वेचाळीसवर, तिनं करवंदं खाल्ली. आत्या रोज फोन करून झापायची, “आज बी काय नाय छापलं? झोपा काढत्यात काय तुमची शास्त्रज्ञ मानसं?” पोर तिकडं उपाशी, म्हणून ती भाकरी एक जास्त थापू लागली. सोमनाथ सरांचं हसू मात्र केव्हाच मावळलं होतं. ते म्हणाले, “हा संदर्भ काढ योगिनी. कुणी मूळ प्रत मागितली तर पीएच.डी. हातची जाईल.”

तिनं काढला नाही.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती तिळगूळ घेऊन दिंडोरीला गेली. वाटेतच फोनवर नवा निबंध आला होता. पान एक्कावन्न. तिनं आत्यासमोरच उघडला.

“हौशीला घर ओळखू आलं. ओट्यावर एक म्हातारी बसली होती. हौशीनं विचारलं, आजी, माझी ताई कुठंय?”

आत्या ताडकन उठली. शेंगांचं सूप उलटं झालं.

“अगं मीच! मीच ना गं ताई!” ती रिकाम्या अंगणाकडं बघून ओरडली. मग योगिनीचा दंड घट्ट धरला. “लिव्ह तू. तिला तुमच्या कागदांतलंच कळतंय. लिव्ह, नायतर ती माघारी फिरंल.”

तिथंच, ओट्यावर बसून, योगिनीनं लॅपटॉप काढला. पुण्याच्या एका नियतकालिकाला तिचा निबंध जायचाच होता. एकोणिसावा संदर्भ, पान बावन्न. म्हातारी म्हणाली, मीच तुझी ताई. आत ये.

निबंध तिनं तिथूनच धाडून दिला.

आठवड्याभरानं संपादकांकडून चौकशी आली, पुस्तक कुठं मिळेल? योगिनीनं लेखिकेच्या घरचा फोन नंबर कळवला. आत्यालाही बजावून ठेवलं, “पुण्याहून फोन येईल. विचारलं तर हो म्हण.”

मंगळवारी तास संपवून ती स्टाफरूममध्ये आली, तेव्हा मेल येऊन पडला होता.

‘निबंध स्वीकारला आहे. एकोणिसाव्या संदर्भाची खात्रीही झाली. लेखिकेशी बोलणं झालं नाही. फोन एका लहान मुलीनं घेतला. ताईनंच लिहिलंय म्हणाली. त्यांना जरा फोन दे म्हटलं, तर म्हणाली, झोपलीय ती. नका उठवू. लय दमलीय वाट बघून.’